पू नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. फिरकीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

कोट मिळाला का ते आधी कळव. बाजारातला तयार कोट घालून माझी भाची वॉर्डात फिरणार, तर मग तीस वर्षं मी मशीन कशाला बडवली? आत डाव्या बाजूला एक जादा खिसा ठेवलाय. काय ठेवायचं ते तुझं तू बघ. पण खांदे पाडून चालू नकोस, कोटाची सगळी बैठक बिघडते.

इथलं सगळं ठीक, एक सोडून. टाचणीचं बोट सुजलंय. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. चार वर्षांची नात माझी, पण आजीसारखं शिवायचं म्हणून हटून बसते. दहा-बारा दिवसांपूर्वी बाहुलीला बटण लावताना सुई बोटात गेली. धावत आली, बोट पुढे धरलं, मी आपलं नेहमीचं केलं, दोन मिनिटांत हसायला लागली. मी विसरूनही गेले. आता चार दिवस झाले, पेर लालभडक झालंय आणि त्यावर काचमणी चिकटवल्यासारखे बारीक फोड. अंगात ताप आहे. कुणाला हात लावू देत नाही.

डॉक्टरांकडे नेलं. आपले तेच, इथे दुसरे आहेत कुठे? इंजेक्शनं झाली, उतार नाही. म्हणाले, सुईनं आत पू धरलाय, शुक्रवारी दहा वाजता छेद देऊन मोकळं करतो. तेव्हापासून सूनबाई रडते आहे. गिरणीतून पाळी करून येते, पोरीचं बोट बघते आणि परत रडते. मी म्हटलं, अगं, आपल्या फिरकीचंही बोट लहानपणी डॉक्टरांनीच कापलं होतं, आज त्याच हातानं लोकांची पोरं तपासते ना? तू एक ओळ लिहून पाठव, घाबरण्यासारखं काही नाही म्हणून. तुझ्या अक्षरात असली की तिचा जीव भांड्यात पडेल.

पत्र सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. गाडी तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकाशीच थांबते म्हणाला. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, तुला माहीत आहे.

तुझी
मावशी


बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार.

कोट असा बसलाय की आमच्या वॉर्डाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, चालता चालता थांबल्या. "हा कुणी शिवला?" मी म्हणाले, मावशीनं. तर म्हणतात, "मग मावशीला सांग, इथे बाकी सगळे पोती घालून फिरतात." मॅडम कुणाचं कौतुक करत नाहीत. हे तू दोनदा वाच.

आता बोट. मावशी, रागावू नकोस, पण तू मागितलेली ओळ मी लिहिणार नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मला चैन पडेना.

गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन वर्षांची एक मुलगी आली. तिला पहिल्यापासून इसब. ते एकदम चिघळलं म्हणून मलमं बदलून झाली, पू होईल म्हणून औषधं झाली, पोरगी तापानं फणफणत होती. मॅडमनी नुसतं वाकून पाहिलं. सगळे फोड एका मापाचे, मधोमध खळगा, कुणी पंच मारल्यासारखे. म्हणाल्या, "हा हर्पीस आहे. इसबाच्या आड लपलाय." मोठ्या माणसाच्या ओठावर ताप उतल्यावर जे फोड येतात ना, त्याचाच विषाणू. मुलांना तो पहिल्यांदा होतो तेव्हा बहुतेक वेळा तोंड येतं, हिरड्या सुजतात, ते कुणीही ओळखतं. पण कधीकधी तो भलत्याच जागी उगवतो. डोळ्यात, इसबावर, बोटाच्या टोकावर. मग कुणी त्याला गळू म्हणतं, कुणी भाजलंय म्हणतं.

बोटावर असला तर छेद द्यायचा नसतो. आत पू नसतोच. उलट कापलेल्या जागेतून बाहेरची घाण आत शिरते आणि आपोआप बरं होणारं बोट दोन-दोन महिने रेंगाळतं.

मी इथे बसून खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणून मला सांग. फोडातलं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? बोटाचं टोक हलकेच दाबलं तर मऊ लागतं की दगडासारखं? काखेत गाठ लागते का? आणि मुख्य म्हणजे, गेल्या पंधरा-वीस दिवसांत घरात कुणाच्या ओठावर फोड आले होते का?

तोवर बोटाला सैल पट्टी बांध. ते बोट तिच्या तोंडात आणि डोळ्यात अजिबात जाऊ देऊ नकोस, डोळ्याला लागलं तर फार वाईट. आणि डॉक्टरकाकांना सांग, शुक्रवारी थांबा.

तुझी
फिरकी


गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळ

चि. फिरकीस आशीर्वाद.

कंडक्टर खालूनच हाका मारतोय, म्हणून भराभर लिहिते.

फोडातलं पाणी पहिल्यांदा स्वच्छ होतं, आता जरा दुधाळ. टोक दाबलं. ओरडली, पण आत मऊ लागलं, नवा कापूस भरलेल्या टाचण्यांच्या उशीसारखं. काखेत वाटाण्याएवढी गाठ आहे.

घरात कुणाच्या ओठावर काही नव्हतं. माझं घर तुला माहीत आहे, इथे जमिनीवर पडलेलं उचलून तोंडात घालता येतं.

सूनबाईनं तुझं पत्र दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवलं. तो शहाणा म्हणाला, हर्पीस म्हणजे वाईट चालीच्या माणसांचा आजार. झालं! काल संध्याकाळभर तुझा भाऊ बिचारा, टाचणीचा बाप, उगाचच खाली मान घालून बसला होता.

डॉक्टरांना तुझा निरोप दिला. हसले. म्हणाले, "फिरकीला सांगा, पाळण्यात असल्यापासून ओळखतो तिला. आधी दोन वर्षं सुया टोचायला शीक म्हणावं, मग मला शिकव." वेळ तीच ठेवली आहे, उद्या दहा.

मी काय करू? इकडे ते, तिकडे तू. मी चौथी पास बाई. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मावशी


गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपार

आदरणीय डॉक्टरकाकांना
सादर नमस्कार.

तुमचा फोन दोनदा लावला, घंटासुद्धा जात नाही. म्हणून परतीच्या गाडीच्या कंडक्टरला हात जोडून हे पत्र दिलं आहे. गाडी आज उशिरा सुटते आहे, मुक्कामी पोचेल तेव्हा दवाखाना बंद झालेला असेल, पण उद्या दहाच्या आत ते स्वतः तुमच्या हातात देईन असं त्यांनी कबूल केलं आहे.

टाचणीच्या बोटाला छेद देऊ नये असं मला वाटतं. हे वाक्य मी चार वेळा खोडलं. आता "मला वाटतं" तेवढं खोडते. छेद देऊ नका.

एकाच जागी पुंजक्यानं आलेले, आधी स्वच्छ पाण्याचे फोड. टोक मऊ. पू दाबून बसला असता तर ते दगडासारखं लागलं असतं. चार दिवसांच्या इंजेक्शनांना दाद नाही. काखेत गाठ. तोंडात काही नाही, हे मलाही खटकतं, पण विषाणू टोचलेल्या जागेतूनच आत गेला असेल तर तोंडात काही नसणारच. घरात कुणाच्या ओठावर फोड नव्हते असं मावशी सांगते. तेवढं एक माझ्या बाजूनं नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवत नाही.

काका, इथपर्यंत लिहिलं आणि माझी नजर कागद धरलेल्या डाव्या हातावर गेली.

नोकरीला लागले त्या दिवशी कारकुनानं सेवापुस्तकात माझ्या डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे घेतले. तर्जनीचा ठसा बघून म्हणाला, "बोट हललं वाटतं, मधून रेघ आलीये." पुन्हा घेतला, पुन्हा तीच रेघ. बोट हललं नव्हतं. ती तुमच्या सुरीची खूण आहे. मी सहा वर्षांची होते. मलाही सुईच टोचली होती. तुम्ही त्या बोटाला तीनदा छेद दिला, आणि ते बरं व्हायला अख्खी सुट्टी गेली.

तेव्हापासून वर्षातून एकदा, बहुतेक परीक्षेच्या तोंडावर, त्याच जागी मुंग्या येतात, चार-पाच बारीक फोड येतात आणि आठ दिवसांत सुकतात. जुनी जखम कुरकुरते म्हणून मी सोडून देत आले. पण सुईनं झालेलं गळू असं दर परीक्षेला परत येत नाही. हर्पीस येतो. शेवटच्या वर्षी हाच प्रश्न आम्हाला आला होता. मी पूर्ण गुण मिळवले, काका, आणि लिहिताना कागद त्याच बोटानं दाबून धरला होता.

तुम्ही जुनं रजिस्टर कधी टाकत नाही. माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते एकदा बघा. छेद दिल्यावर पू निघाला होता का? निघाला असेल तर मी चुकले, तुम्ही टाचणीचं बोट खुशाल कापा. निघाला नसेल, तर हातमोजे घालून तिचा एकच फोड अलगद उघडा, त्याच्या बुडाशी हलकेच खरवडून दोन काचपट्ट्यांवर पसरा, वाळवा आणि गाडीनं माझ्याकडे पाठवा. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून कळवते.

तुमचा अपमान करायचा नाही. तान्हेपणी मी वाळून गेले होते, तेव्हा तुम्ही ज्या हातांनी मला वाचवलंत ते हात मी विसरलेले नाही. मावशी अजून सांगते.

आपली नम्र
फिरकी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. फिरकीस,

तुझा कंडक्टर दहाला पाच मिनिटं कमी असताना बुटांसकट माझ्या शस्त्रक्रियेच्या खोलीत घुसला. पोरगी टेबलावर, सुरी उकळून तयार, तुझी मावशी पोरीचं डोकं धरून. मी त्याला हाकललं. तो म्हणाला, "साहेब, बाईंना शब्द दिलाय, वाचा, मग हाकला."

उभ्या उभ्या वाचलं. खरं सांगतो, भयंकर राग आला. काल शाळेच्या दप्तरात जेवणाचा डबा सांडणारी पोर मला पूर्णविराम देऊन सांगते, "छेद देऊ नका."

पण तू रजिस्टरचं लिहिलंस, तिथे मी अडकलो. कंपाउंडरला कपाटावर चढवलं. वीस वर्षांची धूळ त्याच्या डोक्यावर पडली, बरं झालं, त्याची जीभ फार चालते. तुझं पान सापडलं. माझंच अक्षर.

"डावी तर्जनी. छेद दिला. पू नाही."
आठ दिवसांनी, "पुन्हा छेद. पू नाही, पाणी."
त्यानंतर पंधरा दिवसांनी, "खोल छेद. पू नाही."

तीन वेळा लिहिलं, फिरकी. तीन वेळा माझ्याच हातानं लिहिलं, आणि एकदाही वाचलं नाही.

सुरी परत ठेवली आहे. पोरीला टेबलावरून उतरवलं तर मला जीभ दाखवून गेली. काचपट्ट्या दोन पाठवतोय, कापसात गुंडाळून, कंडक्टरच्या डब्यात. सोमवारपर्यंत थांबतो. तोवर तुझं म्हणणं नुसतं म्हणणं आहे, हे लक्षात ठेव. आता परीक्षा तुझी.

— डॉक्टर


शनिवार, ८ फेब्रुवारी

आदरणीय डॉक्टरकाका,

पहिली काचपट्टी मी वाया घालवली. घाईत रंग धुताना पाणी जोरात सोडलं आणि सगळं मोरीत गेलं. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जा, इथे पट्टी आणखी ओली होईल." मग दुसरी केली. या वेळी त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मी नळ केसाएवढा सोडला.

काका, दिसल्या. राक्षसी पेशी. एकेका पेशीत चार-चार, पाच-पाच केंद्रकं, एकमेकांना दाटीवाटीनं चिकटून बसलेली. एक नाही, सगळीकडे. मी मोठ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. या पेशी हर्पीसच्या घराण्यातल्या विषाणूंनीच होतात, आणि बाकी सगळी लक्षणं बघता हा साधा हर्पीसच, त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कुणाचं बोट?"

"माझ्या भाचीचं," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, माझंही बोट पुढे केलं.

मॅडम सांगतात की आता आठवडा उलटून गेलाय, ताप उतरत असेल तर खास औषधाची गरज नाही. दुखण्यावर आणि तापावर साधं औषध, कोरडी सैल पट्टी, आणि तोंड-डोळे सांभाळायचे. दोन-तीन आठवड्यांत खपली धरून स्वच्छ होईल. डोळा लाल झाला किंवा पोरगी मलूल वाटली तर थेट इथे पाठवा.

आणि तुम्ही थांबलात. रजिस्टरची तीन वाक्यं तुम्ही मला लिहून पाठवलीत, ती लपवता आली असती. हे मी कधी विसरणार नाही.

आपली
फिरकी

ता. क. सोबतचं वेगळं पाकीट मावशीला द्यावं. तिचं तिलाच.


(त्याच पाकिटातलं)

प्रिय मावशी,

बोट कापायचं नाही! सूनबाईला आधी हे सांग, मग पुढचं वाच. कंपाउंडरलाही सांग, ही वाईट चालीची बाधा नाही. जगातल्या अर्ध्याहून जास्त माणसांना ती लहानपणीच कुणाच्या तरी मायेतून मिळालेली असते.

आता एकच विचारते. तुझ्या पहिल्या पत्रात आहे, "मी आपलं नेहमीचं केलं." माझ्या वेळीही तू नेहमीचं केलं होतंस. मला आठवतंय. सुई टोचली की मी तुझ्या मशीनपाशी यायची, आणि तू माझं बोट सरळ तुझ्या तोंडात धरायचीस, रक्त थांबेपर्यंत. त्या गरम ओलाव्यानं दुखणं पळायचं.

तुझ्या ओठावर वरचेवर ताप उतायचा, मावशी. त्या दिवशीही उतला होता का?

खरं सांग. मला रागवायचं नाही. मला समजून घ्यायचंय.

फिरकी


सोमवार, १० फेब्रुवारी

फिरकी,

तुझं पाकीट डॉक्टर स्वतः घेऊन आले. कधी पायरी चढले नव्हते. बसले नाहीत. "पोरीनं मला चारी मुंड्या चीत केलं," एवढंच म्हणाले, आणि टाचणीच्या हातात खडीसाखरेचा खडा देऊन गेले.

हो. उतला होता. खालच्या ओठावर, उजव्या कोपऱ्यात. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. आधी वाटलं, ओठावर ताप उतणं हा काय आजार झाला? आणि कंपाउंडरचं ते बोलणं ऐकल्यावर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. म्हटलं, या वयात सुनेपुढे माझ्या नावाला काळिमा नको. तिकडे पोरीचं बोट सुरीखाली जायची वेळ आली तरी मी गप्प बसले. टेबलापाशी तिचं डोकं धरून उभी होते आणि गप्प होते. त्या कंडक्टरनं शब्द पाळला नसता तर?

आपल्या घरात टोचलेलं बोट माझ्या तोंडात, हे माझ्या आईपासूनचं आहे. तिचं तोंड, मग माझं. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची. तुला कसं वाढवायचं मला कळत नव्हतं. एवढं एकच येत होतं, कापड कापणं आणि टोचलेलं बोट चोखणं. आता तू सांगतेस की त्यातूनच दिलं मी. दोघींना. तुला तीनदा कापलं माझ्यामुळे.

दोन दिवस मशीनवर बसते, पण पाय चालत नाही. लोकांचे कपडे पडून आहेत.

मावशी


बुधवार, १२ फेब्रुवारी

मावशी,

नीट ऐक, आणि हे पत्र मशीनवर बसूनच वाच.

तुला तो कुणी दिला? तुझ्या आईनं असेल. तिला तिच्या आईनं. कुणीच वाईट वागलं नव्हतं. आमच्या वॉर्डात रोज बघते मी, ज्या पोरांना कुणीच जवळ घेत नाही त्यांचे चेहरे कसे असतात. मला कुणीतरी बोट तोंडात धरण्याइतकं जवळ घेतलं, म्हणून मी इथपर्यंत आले. बोटावरची रेघ मला ठेवायला सांगितली तर मी ठेवीन.

पण यापुढे हे बंद. मशीनच्या उजव्या हाताला पाण्याचं एक भांडं आणि स्वच्छ चिंधी ठेव. बोट टोचलं की त्यातलं पाणी वरून ओतायचं, मग चिंधीनं दाबायचं. ओठावर ताप उतला असेल तेव्हा पोरीचा मुका नाही, तिच्या ताटातला घास नाही, आणि दोरा ओला करायला तोंड नाही. जवळ घ्यायला मनाई नाही. मांडी आहे, हात आहेत, खांदा आहे. ते भरपूर वापर.

आता माझं. तू खरं सांगितलंस, तर मला लपवता येणार नाही. मी नवजात बाळांना हात लावते, इसब असलेल्या मुलांना हात लावते. माझ्या बोटाला फोड आलेले असताना ते त्यांना लागलं तर जीवावर बेतू शकतं. गेल्या वर्षी शिकाऊ होते तेव्हा फोड आले होते आणि मी चिकटपट्टी लावून काम केलं होतं. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. काल मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, मुलांचा वॉर्ड सुटला. आपल्या घरातली पहिली पदवी, आणि तिचं असं व्हायचं.

त्या एवढंच म्हणाल्या, "सहा मार्चच्या सभेत तू बोल. सगळे विभाग येतात. शल्यविभागही." काय ठरणार ते तेव्हाच कळेल.

तू मशीन चालव. मला तो आवाज इथपर्यंत ऐकू यायला हवा.

फिरकी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चि. फिरकीस आशीर्वाद.

खपली काल आपोआप पडली. टाचणीनं ती काड्यापेटीत ठेवलीये, फिरकीआत्याला दाखवायची म्हणे. मी टाकून दिली की घर डोक्यावर घेईल. तूच काहीतरी सांग तिला. खाली नवी कातडी आहे, गुलाबी, कोवळी. डोळे स्वच्छ. तोंड स्वच्छ.

भांडं ठेवलंय मशीनपाशी. परवा माझ्याच बोटात सुई गेली आणि सवयीनं ते तोंडाकडे निघालं, तर ही बया खालून ओरडली, "आजी, भांडं!" शेजारच्या बाईला वाटलं काहीतरी पडलं.

सूनबाईला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं बोलायची बंद होईल. तर म्हणाली, "आई, माझ्याही ओठावर उततो. मी कुणाला बोलले नाही." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग हसूच आलं.

सभेत नीट उभी राहा.

मावशी


गुरुवार, ६ मार्च

प्रिय मावशी,

उभी राहिले. तुझा कोट, खांदे सरळ.

सभागृहात पायऱ्यापायऱ्यांची बाकं आहेत, वरपर्यंत भरली होती. मी आधी इसबवाल्या मुलीचं सांगितलं. (ती बरी होऊन घरी गेली.) मग टाचणीचं बोट, डॉक्टरकाकांनी फोटोवाल्याला बोलावून काढून घेतलेल्या फोटोसकट. मग म्हणाले, "तिसरा रुग्ण, वय वर्षं सहा. तीनदा छेद. तीनदा नोंद, पू नाही." कुणीतरी मागून विचारलं, "त्या मुलाचा पुढे काही पत्ता?" मी डावा हात वर केला.

मावशी, पुढच्या बाकावरचे दोघे बोटावरची रेघ बघायला वाकले.

मग शल्यविभागाचे प्रमुख उठले, ते सहसा कुणाचं ऐकून घेत नाहीत. म्हणाले, "आम्ही दर महिन्याला लहान मुलांची दोन-तीन बोटं उघडतो. उद्यापासून आधी काचपट्टी." आणि खाली बसले. एवढंच. पण त्या खोलीत तेवढं पुष्कळ होतं.

मॅडमनी तिथेच माझं ठरवलं. मुलांचा वॉर्ड माझाच. ज्या दिवशी बोटाला मुंग्या येतील त्या दिवसापासून पूर्ण सुकेपर्यंत बाळांपासून लांब, प्रयोगशाळेत, आलेल्या सगळ्या काचपट्ट्या मी बघायच्या. "बोट तुलाच आधी खबर देतं," त्या म्हणाल्या. "आमच्यापैकी कुणाकडे असं बोट नाही."

शल्यविभागाच्या दारावर एक कागद लागलाय. माझ्या अक्षरात. "लहान मुलाच्या बोटाला छेद देण्याआधी, घरात कुणाच्या ओठावर फोड आहेत का ते विचारा. विचारताना दोष देऊ नका, नाहीतर खरं सांगणार नाहीत." दुसरं वाक्य तुझं आहे.

फिरकी


मंगळवार, ११ मार्च

डॉक्टर,

मायन्यात चूक नाही. तुला यापुढे हेच म्हणणार.

कपाटावरची सगळी रजिस्टरं उतरवली. तीस वर्षांत लहान मुलांच्या अकरा बोटांपुढे "पू नाही" असं लिहिलेलं सापडलं. त्यातली सात माणसं याच गावात आहेत. चौघांना बोलावून सांगितलं. एक सुतार झालाय, त्याला त्याच जागी अजून फोड येतात, तो लाकडाच्या कुसळाला दोष देत होता. मी त्याला म्हणालो, चूक माझी होती. तो म्हणाला, "साहेब, चहा घेणार का?" या वयात माणसाला अशी माणसं भेटतात, ते भाग्यच.

काल एक बाप कडेवर पोरगी घेऊन आला. अंगठा सुजलेला, फोड, ताप. कंपाउंडर सुरी उकळायला निघाला. मी थांब म्हणालो. बापाच्या ओठाकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, सुकत आलेली खपली. "मुलगी अंगठा चोखते का? आणि तू तिचा मुका घेतोस का?" तो लाजला. "घेतो की, साहेब."

काचपट्ट्या दोन पाठवल्या आहेत. या वेळी दोन्ही चांगल्या निघू देत.

तुझा कागद माझ्याही भिंतीवर लावलाय. कंपाउंडर येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, जणू त्यानंच लिहिलाय.

तुझा
डॉक्टरकाका


शनिवार, १५ मार्च

चि. फिरकीस, नाही, डॉक्टर फिरकीस,
मावशीचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं सभेचं पत्र सूनबाईनं मोठ्यानं वाचलं. मग मी वाचलं. मग तुझ्या भावानं वाचलं आणि गिरणीत घेऊन गेला, अजून परत आणलेलं नाही. "दुसरं वाक्य तुझं आहे" हे मी मात्र पाठ केलंय. चौथी पास बाईचं वाक्य मोठ्या हॉस्पिटलच्या दारावर! तुझी आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती. ती नाही, म्हणून मी फिरले.

मशीन जोरात चाललीये. तुझ्या मॅडमचं माप पाठव. आणि प्रयोगशाळेतल्या त्या ताईंचंही, तुझ्याशेजारी उभ्या राहिल्या होत्या म्हणून.

टाचणीला तुला पत्र लिहायचं होतं. अक्षरं येत नाहीत, म्हणून तिनं मापाच्या निळ्या खडूत बोट घोळलं आणि या कागदावर दाबलं. खाली आहे ते. डावं, अंगठ्याशेजारचं. फुंकर घालू नकोस, उडेल.

मी शिवणाचं भिंग लावून बघितलं. सगळी वळणं अखंड आहेत. मधून रेघ नाही.

हा कागद कोटाच्या जादा खिशात ठेव. आणि खांदे पाडू नकोस.

तुझी
मावशी